पंचाची शिट्टी आणि खेळाडूची मान

हॉकी म्हटले की आपल्याला ध्यानचंद आठवतात, खडकीतून पुढे येऊन देशाचा कर्णधार झालेला धनराज पिल्ले आठवतो. मैदानावरची, चेंडूची हॉकी आपल्या ओळखीची आहे. आज मात्र बोलायचे आहे ते बर्फावरच्या हॉकीबद्दल, म्हणजे आइस हॉकीबद्दल. आपल्या देशात ती मुख्यतः लडाखमध्ये हिवाळ्यात खेळतात. अमेरिकेत आणि कॅनडात तिचे वेड मोठे आहे, आणि अमेरिकेतल्या कॉलेजांचे संघ हजारो प्रेक्षकांसमोर ती खेळतात.

वाचक म्हणतील, आमच्या वस्तीत बर्फ फक्त गोळेवाल्याच्या गाडीवर दिसतो, मग आरोग्याच्या पानावर हा विषय कशाला? कारण असे की डोक्याला आणि मानेला मार बसल्यावर नेमके काय होते, याचा जगात जो अभ्यास झाला त्यातला बराचसा या खेळातून झाला. आणि या खेळाने आणखी एक गोष्ट समोर आणली. खेळाडूचे रक्षण फक्त हेल्मेट करत नाही, डॉक्टरही फक्त नंतर येतो. अपघात होण्याच्या आधी त्याला अडवू शकणारा माणूस म्हणजे मैदानावरचा पंच. त्याने नजर चुकवली तर ती फक्त गुणांची चूक राहत नाही, आरोग्याचा प्रश्न होतो. आपली मुले कबड्डी खेळतात, फुटबॉल खेळतात, गल्लीत क्रिकेट खेळतात. त्यामुळे हा धडा आपल्याही कामाचा आहे.

अकरा सेकंद

२० ऑक्टोबर १९९५. अमेरिकेतील बोस्टन शहर. ट्रॅव्हिस रॉय हा वीस वर्षांचा विद्यार्थी बोस्टन विद्यापीठाच्या संघाकडून आपला पहिला सामना खेळायला बर्फावर उतरला. समोर नॉर्थ डकोटा विद्यापीठाचा संघ होता. आई-वडील प्रेक्षकांत बसले होते. प्रतिस्पर्ध्याला खांद्याची धडक द्यायला ट्रॅव्हिस पुढे झेपावला, धडक नीट बसली नाही, तोल गेला आणि तो डोके पुढे अशा अवस्थेत मैदानाच्या कठड्यावर आदळला. तो बर्फावर उतरून फक्त अकरा सेकंद झाले होते.

त्याच्या मानेचा चौथा मणका मोडला. मानेखालचे शरीर लुळे पडले. पुढे उजव्या हाताची थोडी हालचाल परत आली, तेवढीच. ट्रॅव्हिस खचला नाही. त्याने शिक्षण पूर्ण केले, मणक्याची दुखापत झालेल्यांना मदत करणारी संस्था उभी केली आणि २०२० साली त्याचे निधन झाले.

या प्रसंगात पंचाची चूक नव्हती, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. कोणी त्याला मागून ढकलले नव्हते. तो निव्वळ अपघात होता. पण यातून एक गोष्ट कळते. नियमात राहून, कोणाचा दोष नसताना तो कठडा मानेचे एवढे नुकसान करू शकतो. मग पाठमोऱ्या खेळाडूला कोणी मागून ढकलले आणि पंचाने शिट्टी वाजवलीच नाही, तर केवढा धोका आपण मोकळा सोडतो याचा विचार करावा.

हा खेळ असतो तरी कसा?

मैदान साधारण दोनशे फूट लांब आणि पंच्याऐंशी फूट रुंद. भोवती साडेतीन फुटांच्या आसपास उंचीचा कठडा आणि त्यावर जाड पारदर्शक काच. प्रत्येक बाजूने गोलरक्षकासह सहा खेळाडू. पायात धारदार पात्यांचे बूट, हातात काठी. चेंडूऐवजी रबराची चकती असते, तिला पक म्हणतात. ती एक इंच जाड, तीन इंच रुंद आणि सुमारे १७० ग्रॅम वजनाची असते. जोरात मारली तर ताशी शंभर किलोमीटरपेक्षा जास्त वेगाने जाते. खेळाडू स्वतः ताशी तीस किलोमीटरपेक्षा जास्त वेग घेतात. वीस-वीस मिनिटांचे तीन भाग असतात.

पुरुषांच्या खेळात पक ज्याच्याजवळ आहे त्याला खांद्याने किंवा कमरेने धडक देणे नियमात बसते. म्हणजे धडक हा खेळाचाच भाग आहे. कोणती धडक चालेल आणि कोणती नाही, हे नियम ठरवतात. मागून नाही, डोक्यावर नाही, उडी मारून नाही, काठीने नाही, पक सोडून दिलेल्या खेळाडूला उशिरा नाही. या रेषेच्या अलीकडे खेळ आहे आणि पलीकडे इजा. ही रेष बर्फावर आखलेली नसते. ती पंचाच्या नजरेत आणि शिट्टीत असते.

कॉलेजच्या सामन्यांत आणखी एक अडचण आहे. तिथे बरेच खेळाडू कॉलेजच्या आधी एक-दोन वर्षे कनिष्ठ संघांत खेळून विसाव्या-एकविसाव्या वर्षी दाखल होतात. त्यामुळे अठरा वर्षांच्या पोरासमोर तेवीस-चोवीस वर्षांचा भरलेल्या अंगाचा गडी येऊ शकतो.

अमेरिकेत कॉलेज खेळांचा कारभार नॅशनल कॉलेजिएट अ‍ॅथलेटिक असोसिएशन ही संस्था पाहते. तिला थोडक्यात एनसीएए म्हणतात. पुरुष हॉकीच्या दुखापतींच्या तिच्या १९८८ ते २००४ या सोळा हंगामांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा दिसले की सरावापेक्षा सामन्यात दुखापतीचे प्रमाण आठ पटींहून जास्त आहे, आणि सामन्यातल्या सुमारे निम्म्या दुखापती खेळाडू खेळाडूवर आदळल्याने होतात. खेळाडू तेच, बर्फ तोच, कठडाही तोच. फरक एवढाच की सामन्यात ईर्षा असते. आणि ईर्षेला आवर घालण्याचे काम सामन्यात पंचाचे असते.

मान का मोडते?

आपली मान सरळ काठीसारखी नसते. उभे राहून समोर पाहिले की मानेच्या मणक्यांना मागच्या बाजूला किंचित आत जाणारा बाक असतो. हा बाक स्प्रिंगसारखे काम करतो. धक्का बसला तर तो स्नायूंमध्ये आणि मणक्यांमधल्या गाद्यांमध्ये वाटला जातो.

आता हनुवटी छातीकडे झुकवा. बाक नाहीसा होतो आणि सात मणके एकावर एक रचलेल्या विटांसारखे सरळ रेषेत येतात. अशा स्थितीत टाळू कठड्यावर आदळली की डोके थांबते, पण मागून येणारे धड थांबत नाही. शरीराचे सगळे वजन आणि वेग त्या सात विटांवर येतो. मधली एखादी वीट फुटते आणि तिचे तुकडे मागच्या मज्जारज्जूत घुसतात. मज्जारज्जू म्हणजे मेंदूकडून हातापायांकडे जाणाऱ्या तारांचा जुडगा. तो चिरडला तर त्याखालचा भाग लुळा पडतो. श्वासाचा पडदा हलवणाऱ्या नसा मानेच्या तिसऱ्या ते पाचव्या मणक्याच्या पातळीवरून निघतात. म्हणून त्या जागेची दुखापत श्वासावरही येते.

कठड्यापासून तीन-चार फुटांचा पट्टा सर्वांत धोक्याचा समजतात. कठड्याला अगदी चिकटून उभा असलेला खेळाडू भिंतीवर दाबला जातो. पण तीन-चार फूट अंतरावर मागून धक्का बसला तर तो पुढे झेपावून डोक्यावर पडतो. पक खाली असल्यामुळे त्याची नजरही खाली असते, म्हणजे मान आधीच झुकलेली असते. मागून आलेला धक्का दिसत नाही, म्हणून हात पुढे करून सावरायलाही वेळ मिळत नाही. यामुळेच मागून दिलेली धडक हा या खेळातला सर्वांत गंभीर गुन्हा मानला जातो.

मेंदूचा मुका मार

आपल्याकडे मुका मार हा शब्द आहे. रक्त दिसत नाही, पण आत लागलेले असते. मेंदूला असा मुका मार बसतो त्याला डॉक्टर कन्कशन म्हणतात.

मेंदू कवटीच्या आत पाण्यासारख्या द्रवात तरंगत असतो. डोके वेगात जात असताना एकदम थांबले किंवा झटक्यात वळले की मेंदू आत हलतो, पिळवटतो. त्यातल्या बारीक तंतूंवर ताण येतो आणि पेशींचे काम काही काळ बिघडते. यासाठी डोक्यावरच मार बसायला हवा असेही नाही. छातीवर बसलेल्या जोरदार धडकेनेही डोके हिसकले जाते आणि तोच परिणाम होऊ शकतो.

इथे दोन गैरसमज दूर केले पाहिजेत. पहिला, बेशुद्ध पडला नाही म्हणजे काही झाले नाही. खरे तर कन्कशन झालेले बहुतेक खेळाडू बेशुद्ध पडत नाहीत. दुसरा, हेल्मेट आहे म्हणजे मेंदू सुरक्षित आहे. हेल्मेट कवटी फुटण्यापासून वाचवते, आणि ते घातलेच पाहिजे. पण कवटीच्या आत मेंदूचे हलणे ते पूर्णपणे थांबवू शकत नाही. बाटलीला कितीही कापड गुंडाळा, जोरात हलवली तर आतले पाणी हलणारच.

कॉलेज हॉकीत चाळीसपेक्षा जास्त वर्षांपासून पूर्ण चेहरा झाकणारी जाळी सक्तीची आहे. त्यामुळे डोळे आणि दात वाचले, हा मोठा फायदा झाला. पण अनेक प्रशिक्षक आणि पंच एक दुसरी बाजूही सांगत आले आहेत. चेहरा झाकलेला असला की खेळाडूला आपल्याला काही होणार नाही असे वाटते आणि तो अधिक बेफिकीरपणे अंगावर जातो. साधन दिले आणि शिस्त ढिली झाली, तर साधनाचा अर्धा फायदा वाया जातो.

महिलांच्या कॉलेज हॉकीत अंगावर धडक देण्याला परवानगी नव्हती, त्या काळातल्या नोंदींतही सामन्यात सर्वांत जास्त आढळलेली दुखापत कन्कशन हीच होती. म्हणजे नियमाने धडक बंद केली म्हणून ती मैदानातून नाहीशी होत नाही. वेगात खेळणारी माणसे एकमेकांवर आदळतातच, आणि ज्या धडकेची अपेक्षा नसते तिच्यासाठी शरीर सावध नसते.

विद्यार्थ्याच्या बाबतीत हा मार दुहेरी असतो. कन्कशननंतर डोके दुखते, उजेड सहन होत नाही, पुस्तकातल्या ओळी डोक्यात शिरत नाहीत, लक्ष लागत नाही, चिडचिड होते. बहुतेक जण काही आठवड्यांत बरे होतात. पण बरे होण्याआधी दुसरा मार बसला तर त्रास लांबतो. क्वचित, विशेषतः कोवळ्या वयात, मेंदूला झपाट्याने सूज येऊन जीवही जातो. मुलगा शिकायला कॉलेजात गेला आणि डोके गमावून आला, असे होता कामा नये.

नियम आहे, पण शिट्टी वाजते का?

कॉलेज हॉकीत शिक्षांची उतरंड ठरलेली आहे. लहान गुन्ह्याला दोन मिनिटे बाहेर, मोठ्याला पाच मिनिटे. तेवढा वेळ संघाला एक खेळाडू कमी घेऊन खेळावे लागते. त्याहून गंभीर प्रकारात खेळाडूला उरलेल्या सामन्यातून काढतात, आणि अपात्र ठरवले तर पुढचा सामनाही जातो. मागून कठड्यावर ढकलणे किंवा डोक्यावर धडक देणे यासाठी या कडक शिक्षा ठेवलेल्या आहेत.

बर्फावर दोन मुख्य पंच आणि दोन लाइन्समन असतात. मुख्य पंचांच्या दंडावर नारिंगी पट्टी असते आणि शिक्षा देण्याची मुख्य जबाबदारी त्यांचीच. गंभीर प्रकारात त्यांना चित्रीकरण पुन्हा पाहण्याची सोय आहे. सामना झाल्यावर स्पर्धा चालवणाऱ्या मंडळालाही वेगळी कारवाई करता येते.

मग कमी कुठे पडते? ज्यांनी हा खेळ जवळून पाहिला आहे त्यांच्या तक्रारी साधारण सारख्याच आहेत.

पहिली तक्रार, दोन पंचांचा माप वेगळा. शुक्रवारी जी धडक गुन्हा ठरते ती शनिवारी चालून जाते. मग आज रेष कुठे आहे हे खेळाडूला कळत नाही आणि तो ती चाचपून पाहतो. चाचपण्याची किंमत समोरच्याची मान मोजते.

दुसरी, सामना शेवटाकडे आला आणि बरोबरीत असला की शिट्टी खिशात जाते. निकाल पंचाने ठरवू नये, खेळाडूंना खेळू द्यावे, असा विचार त्यामागे असतो. ऐकायला तो बरा वाटतो. पण पहिल्या भागात जो धक्का मान मोडू शकतो, तो शेवटच्या मिनिटालाही मोडू शकतो. उलट तेव्हा खेळाडू थकलेले आणि इरेला पेटलेले असतात.

तिसरी, जखम पाहून शिक्षा. मागून ढकललेला खेळाडू उठून उभा राहिला की दोन मिनिटे, स्ट्रेचरवरून गेला की सामन्याबाहेर. कृत्य एकच, शिक्षा मात्र नशिबावर. अशाने खेळाडू एवढेच शिकतात की धक्का देणे चुकीचे नाही, समोरचा पडून राहिला तरच चुकीचे.

चौथी, लहान गोष्टीकडे दुर्लक्ष. काठीचा एक फटका सुटला, मग एक कोपर सुटले. ज्याला लागले तो ठरवतो की पंच न्याय देत नाही, मीच देतो. दहा मिनिटांनी तो मागून येऊन हिशेब चुकता करतो. मोठी दुखापत बघणाऱ्याला अचानक झाली असे वाटते, पण तिची सुरुवात न वाजलेल्या शिट्टीने झालेली असते.

आपल्या घरातले उदाहरण घ्या. वीज वारंवार जाते म्हणून काही जण फ्यूजच्या जागी जाड तार घालतात. मग वीज जात नाही, सगळे खूश असतात, आणि एक दिवस वायरिंग पेट घेते. दोन मिनिटांची शिक्षा हा खेळातला फ्यूज आहे. ती सारखी पडते म्हणून प्रेक्षक वैतागतात. पण ती काढून टाकली तर आग लागेपर्यंत कोणाला काही कळत नाही.

पंचाचीही बाजू

सगळा राग पंचावर काढणे मात्र बरोबर नाही. कॉलेज सामन्यांतील बहुतेक पंच पूर्णवेळ नोकरीवर नसतात. सामन्यामागे मानधन मिळते आणि आठवडाभर ते आपापली कामे करतात. दोन मुख्य पंचांना दहा धावते खेळाडू, दोन गोलरक्षक आणि एक उडती चकती सांभाळायची असते. धडक अर्ध्या सेकंदात होऊन जाते. मध्ये दुसरा खेळाडू आला तर काहीच दिसत नाही.

त्यात शिव्या असतात. प्रशिक्षक ओरडतात, प्रेक्षक ओरडतात. लहान मुलांच्या सामन्यांत तर आई-वडीलही नवख्या पंचावर धावून जातात. कंटाळून नवे पंच हे काम सोडतात, अनुभवी पंच तयार होत नाहीत आणि कच्च्या माणसाला मोठा सामना मिळतो. म्हणजे पंच वाईट आहेत अशी तक्रार करणारी गर्दी स्वतःच वाईट पंच घडवत असते.

कशाने फरक पडला?

१९८० च्या सुमारास कॅनडात हॉकी खेळणाऱ्या तरुणांमध्ये मणका मोडण्याचे प्रकार वाढू लागले. टोरंटोचे मेंदू आणि मणक्याचे शल्यविशारद डॉ. चार्ल्स टेटर यांनी देशभरातून अशा रुग्णांच्या नोंदी गोळा केल्या. मोठे कारण निघाले ते मागून ढकलले जाऊन कठड्यावर आदळणे. १९८५ साली तिथल्या हौशी हॉकी संघटनेने त्याविरुद्ध नियम आणला. पण नियम छापल्याबरोबर दुखापती थांबल्या नाहीत. पंचांनी तो सातत्याने लावणे, प्रशिक्षकांनी शिकवणे, मुलांना डोके वर ठेवून कठड्याकडे जाण्याची सवय लावणे, हे सगळे वर्षानुवर्षे झाले तेव्हा लुळेपणा आणणाऱ्या दुखापतींची संख्या उतरली. कॅनडात मुलांच्या जर्सीच्या पाठीवर लाल रंगाचे थांबा हे चिन्ह शिवण्याची मोहीमही झाली. समोर पाठ दिसली की थांब, एवढाच त्याचा अर्थ.

दुसरे उदाहरण लहान मुलांचे. कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतात अकरा-बारा वर्षांच्या मुलांना धडक देण्याची परवानगी होती, क्युबेक प्रांतात नव्हती. दोन्हीकडच्या मुलांची तुलना करणारा अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. धडक चालणाऱ्या प्रांतात कन्कशनचे प्रमाण तिपटीहून अधिक निघाले. पुढच्याच वर्षी अमेरिकेच्या हॉकी संघटनेने बारा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या सामन्यांत धडक बंद केली, आणि २०१३ साली कॅनडानेही तसेच केले.

तिसरे उदाहरण डॉक्टरांच्या अधिकाराचे. २०१० साली एनसीएएने ठरवले की प्रत्येक कॉलेजकडे कन्कशनबाबत लेखी योजना असलीच पाहिजे. लक्षणे दिसली की खेळाडूला बाहेर काढायचे. कन्कशन ठरले तर त्या दिवशी पुन्हा खेळवायचे नाही. डॉक्टरने मंजुरी दिल्याशिवाय परतणे नाही. हा निर्णय प्रशिक्षकाच्या हातून काढला हे महत्त्वाचे. ज्याला सामना जिंकायचा आहे त्यानेच खेळाडू ठीक आहे की नाही हे ठरवू नये.

आपल्या मैदानावर

आता आपल्याकडे येऊ. जयंतीनिमित्त, सुट्टीत वस्त्यावस्त्यांत कबड्डीचे सामने होतात. कबड्डीतही नियम आहेत. चढाई करणाऱ्याचे तोंड दाबायचे नाही, पायाची कैची घालायची नाही, धोकादायक पकड करायची नाही. पंचाकडे हिरवे, पिवळे आणि लाल कार्ड असते. ते खिशातच राहिले तर त्याचा उपयोग नाही. म्हणून आयोजक मंडळांनी आणि पालकांनी काही गोष्टी आधीच ठरवाव्यात.

पंच खेळ जाणणारा आणि दोन्ही संघांना मान्य असलेला असावा. पहिल्याच धोकादायक पकडीला त्याने कार्ड दाखवावे, आणि त्याने ते दाखवले की आपल्या मुलाविरुद्ध गेले म्हणून आपण त्याच्या अंगावर जाऊ नये. मैदानातले दगड, काचा आधी वेचाव्यात. मार बसलेल्या खेळाडूला परत पाठवायचे की नाही हे कर्णधाराने ठरवू नये. शंका असेल तर त्या दिवशी खेळ बंद.

डोक्याला मार बसल्यावर ही लक्षणे पाहावीत: डोकेदुखी, चक्कर, मळमळ, गोंधळलेली नजर, तेच तेच विचारणे, आताच काय झाले ते न आठवणे, तोल जाणे, उजेडाचा किंवा आवाजाचा त्रास. यातले एकही असेल तर खेळ थांबवून डॉक्टरकडे न्यावे.

पुढचे काही दिसले तर वेळ न घालवता १०८ वर फोन करून मोठ्या रुग्णालयात न्यावे: वारंवार उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, झटके, जागे न होणे, एका डोळ्याची बाहुली मोठी दिसणे, बोबडे बोलणे, हातापायात कमजोरी किंवा मुंग्या, नाका-कानातून रक्त वा पाण्यासारखा स्राव, विचित्र वागणे.

मान दुखत असेल किंवा हातपाय हलत नसतील तर त्याला उचलून बसवू नका, खांद्यावर टाकून नेऊ नका. आहे तिथेच, डोके दोन्ही हातांनी स्थिर धरून, रुग्णवाहिका येईपर्यंत धीर द्या. श्वास चालू आहे ना, पाहत राहा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जाते. नाकाला कांदा किंवा चप्पल लावण्यात वेळ घालवू नका. डोकेदुखीची गोळी मनाने देऊ नका. अ‍ॅस्पिरिनसारख्या गोळीने आतला रक्तस्राव वाढू शकतो.

मार बसलेल्याला झोपू द्यायचे नाही, असे आपल्याकडे म्हणतात. डॉक्टरने तपासून घरी सोडले असेल तर झोपायला हरकत नाही, विश्रांती लागतेच. मात्र पहिला दिवस-रात्र कोणीतरी सोबत असावे, आणि डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे मध्ये उठवून नीट बोलतो का ते पाहावे.

पहिले एक-दोन दिवस आराम, मोबाइल कमी. नंतर चालणे, हलका व्यायाम, मग सराव आणि डॉक्टरने हो म्हटल्यावरच सामना. एका पायरीवर त्रास वाढला तर मागच्या पायरीवर यावे. आधी शाळा-कॉलेजचा अभ्यास नीट जमू लागला पाहिजे, खेळ त्यानंतर. शिक्षकांना सांगून ठेवावे, म्हणजे अभ्यासात मागे पडलेल्या मुलाला आळशी ठरवले जाणार नाही.

मुलांना आणखी एक सांगावे. डोके दुखते हे लपवणे म्हणजे शूरपणा नाही. आणि प्रतिस्पर्ध्याची पाठ समोर आली की हात आवरता घेणाऱ्यालाच चांगला खेळाडू म्हणतात. पुढच्या सामन्याला जाल तेव्हा फक्त गुणफलक पाहू नका, पंचाकडेही पाहा. त्याने आपल्या संघाविरुद्ध पण योग्य शिट्टी वाजवली, तर टाळ्या त्यालाही द्या.